चोपन्नची गाडी

बाईंनी सही करायला नकार दिला तेव्हा साहेबांनी आधी पेन बदलून दिलं. त्यांना मनापासून वाटलं, शाई संपली असेल. कागदावर सही न होण्याचं दुसरं काही कारण असू शकतं, हे त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलंच नव्हतं.

"पेन चालतंय साहेब," बाई म्हणाल्या. "रडार चालत नाहीये."

मी तिथेच होतो, टेबलाखाली. लपलो नव्हतो. मी प्रयोगशाळेतला मिस्त्री, सोल्डरिंगचं काम माझं, आणि साहेब विचार करताना पाय हलवतात, त्यामुळे त्यांच्या टेबलाखालची वायर दर दोन महिन्यांनी तुटते. म्हणून मी जे सांगतोय ते ऐकीव नाही. अर्ध्या गोष्टी मी टेबलाखालून ऐकल्यात आणि उरलेल्या समोर उभं राहून.

कागदावर एकच वाक्य होतं: 'धावपट्टीवर हलणारी प्रत्येक गोष्ट हे रडार दाखवतं.' खाली दोन सह्यांची जागा. एक साहेबांची. ती कागद टाइप व्हायच्या आधीच झाली असावी. दुसरी बाईंची, कारण रडारमधलं गणित सगळं त्यांचं.

हे रडार विमानतळासाठी. धुकं पडलं की वर मनोऱ्यात बसलेल्या माणसाला धावपट्टी दिसत नाही. तिच्यावर एखादी गाडी उभी आहे का, कोणी फिरतंय का, हे त्याला रडार सांगणार, आणि मग तो विमानाला 'ये' म्हणणार. म्हणजे रडारला गाडी दिसली नाही तर पुढे काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

बाई आमच्याकडे आल्या त्या चोविसाव्या वर्षी, इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन. पहिल्या दिवशी त्यांना पडदा दाखवला. पडद्यावर नुसता पांढरा चिखल. रडार ठोका फेकतं, तो ज्याच्यावर आपटेल त्याचा पडसाद परत येतो. आता ठोक्याला काय कळतंय की हे विमान, हा खांब आणि ही गवताची गंजी? जे आडवं येईल त्याचा पडसाद घेऊन येतो बिचारा. तेव्हाचे मुख्य म्हणाले, "बाई, हा कचरा पुसा." कचरा पुसायचं काम बाईमाणसाला दिलं की ते होतं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

बाईंनी पुसला. अकरा वर्षं लागली. मधे एकदा त्यांनी चार महिने एका ढगाचा पाठलाग केला, तो आमच्याच कँटीनच्या धुराड्याचा धूर निघाला. एकदा आमच्या पाण्याच्या टाकीला रडारने विमान ठरवलं आणि ते 'अजून उतरत का नाही' म्हणून तीन विभागांत पत्रव्यवहार झाला. पण शेवटी खोडरबर तयार झालं. युक्ती अशी की प्रत्येक पडसाद आधीच्या पडसादाशी ताडून बघायचा. जसाच्या तसा आला तर ती वस्तू उभी आहे, पुसून टाक. बदलला तर हलतेय, दाखव. पडदा असा लख्ख झाला की बघायला माणसं आली. बक्षीस मिळालं. ते मुख्यांनी घेतलं, कारण पुसायला त्यांनीच सांगितलं होतं.

नंतर हे साहेब आले. यांना आम्ही गोलसाहेब म्हणतो. अंगावरून नाही, तसे सडपातळच आहेत. त्यांना गोल आकडा लागतो. सत्त्याण्णव खिळे मागितले तर शंभर मंजूर करतील आणि एकशे तीन मागितले तरी शंभरच. या रडारचा प्रस्ताव गेला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सेकंदाला एक हजार ठोके, समान अंतराने.' आणि वरच्यांना सांगितलं, "शिस्त आहे बघा. एक मागेपुढे नाही."

त्याच आठवड्यात बाईंनी एक टिपण दिलं. त्याला सहा वर्षं झाली. टिपणाचा विषय: 'ताशी चोपन्न किलोमीटर वेगाने येणारी गाडी या रडारला दिसणार नाही.'

हे मला कळलं ते त्यांच्या घरी. साहेबांनी पेन बदलून दिलं त्याच संध्याकाळी मी त्यांचा मिक्सर दुरुस्त करून पोचवायला गेलो होतो. जेवणाच्या टेबलाशी बाई, त्यांचे यजमान, जे दातांचे डॉक्टर आहेत, आणि सासूबाई. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. अजूनही घरातल्या कोणाचंही बोलणं मधे तोडतात, जणू तीन मिनिटं संपली.

"अगं, करून टाक ना सही," डॉक्टर म्हणत होते. "आठ महिने राहिलेत तुझ्या नोकरीचे. माझ्याकडे पेशंट येतात, म्हणतात डॉक्टर, सोन्याचा लावा. मी म्हणतो का, तुमच्या तोंडाला शोभणार नाही?"

"सोन्याचा दात कोणाच्या अंगावर विमान घालत नाही."

"अहो पण चोपन्नचंच काय एवढं?" मी विचारलं. "पन्नासची दिसते, साठची दिसते, मग मधलीनेच काय घोडं मारलंय?"

बाईंनी खिडकीकडे बोट केलं. "मिस्त्री, आमचा खालचा वॉचमन. समजा तो इमारतीभोवती बरोबर एका तासात चक्कर मारतो. आणि आई दर तासाला टोला पडला की खिडकीतून डोकावतात. त्यांना काय दिसेल?"

"मेला फाटकापाशीच उभा दिसेल," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून हलला नाही म्हणेन मी."

"आणि तो तर अख्ख्या चकरा मारून आलेला. तसंच आहे. दोन ठोक्यांच्या मधे गाडी नेमकी दीड सेंटिमीटर पुढे आली की लहरीचं एक पूर्ण चक्र होतं आणि पडसाद जसाच्या तसा दिसतो. सेकंदाला हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. ताशी चोपन्न. रडार म्हणतं, ही उभी आहे, पुसा." बाईंनी बोट स्वतःकडे वळवलं. "आणि पुसणारं खोडरबर माझं आहे."

"पण मी टोल्याटोल्याला बघेनच कशाला?" सासूबाईंनी लाइन तोडली. "कधी दहा मिनिटांनी बघेन, कधी पाऊण तासाने. आमची सुपरवायझर अशीच यायची, मेली. तिची वेळ ठरलेली असती तर आम्ही सगळ्या जणी सदोदित कामात सापडलो असतो."

"आई, हेच मी सहा वर्षं लिहून देतेय. ठोके कमीजास्त अंतराने टाका. पुस्तकात आहे हे, माझा शोध नाही. माझ्या जन्माआधीपासून लोकांना माहीत आहे."

"मग तुझ्या साहेबाला का कळत नाही?"

"कळतं. पण त्यांना हजार आवडतो."

डॉक्टर म्हणाले, "तिची दाढ दुखतेय. काढल्याशिवाय गप्प बसायची नाही." आणि मिक्सर लावून बघायला लागले. तो उलटा फिरला. ती गोष्ट वेगळी.

टिपणाला उत्तर काय आलं होतं तेही ऐका. समितीने, म्हणजे साहेब आणि आणखी दोघांनी, लिहिलं: 'नेमक्या चोपन्नच्या वेगाने कोणी गाडी चालवेल हे व्यवहारात संभवत नाही.' आणि खाली: 'एक हजार हा आकडा मंजूर झालेला असल्याने तो बदलण्यासाठी मंजुरी नामंजूर करावी लागेल.'

आता योग बघा. आमच्या आवारात गाड्यांना वेगाची मर्यादा पंचावन्न. सहीचा कागद निघाला त्याच वर्षी वाहन विभागाच्या प्रमुखांच्या मनात आलं की ड्रायव्हर लोक मोकाट सुटलेत. त्यांनी कचेरीच्या सगळ्या गाड्यांना वेग अडवणारे स्पीड गव्हर्नर बसवले. पंचावन्नची मर्यादा, मग खबरदारी म्हणून एक कमी. चोपन्न. ड्रायव्हरही इरेला पेटले. म्हणाले, तुम्ही चोपन्न दिलेत ना, मग आम्ही चोपन्नच्या खाली येणार नाही. पाय दाबून ठेवायचा तो ठेवायचाच. त्या दिवसापासून आमच्या कचेरीतली एकूण एक गाडी सरळ रस्त्याला लागली की चोपन्न. एक मागे नाही, एक पुढे नाही. साहेबांना हवी होती ती शिस्त शेवटी गाड्यांत आली.

बाईंनी लगेच पत्र लिहिलं, की रडारची चाचणी आपल्याच गाड्यांवर होते आणि यातली एकही गाडी आता दिसणार नाही. वाहन विभागाने कळवलं, रडार हा आमचा विषय नाही. रडार विभागाने कळवलं, वाहन हा आमचा विषय नाही. दोन्ही उत्तरं एकाच टायपिस्टने टाइप केली होती. ती मला म्हणाली, "मिस्त्री, मला विषय कळतो, पण मी फक्त टाइप करते."

सही नाकारल्यावर साहेबांनी बाईंना 'नियमावली कक्षात' बसवलं. कक्ष म्हणजे सायकल स्टँडशेजारची खोली. जुने कॅटलॉग, एक हात तुटलेली खुर्ची, आणि बटण दाबलं की शेजारच्या खोलीत फिरणारा पंखा. साहेब म्हणाले, "दहा दिवसांनी विमानतळाची मंडळी येतायत. त्यांच्यासमोर रडार चालताना बघा, आणि मग त्यांच्यासमोरच सही करा. नाही केलीत तर हाच कक्ष, निवृत्तीपर्यंत."

बाईंनी तिथे जाऊन पहिल्यांदा पंखा दुरुस्त करायला मला बोलावलं. मग कॅटलॉग खाली काढले, टेबल पुसलं, आणि हजाराऐवजी कोणते आकडे घ्यायचे त्याचं गणित मांडून बसल्या. मी रोज दुपारी चहा घेऊन जायचो. एकदा म्हटलं, "बाई, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे." त्या म्हणाल्या, "घडा पालथा आहे हे मला दिसतंय, मिस्त्री. मी तो सुलटा करायची खटपट करतेय, पाणी नंतर."

मंडळी आली. तिघं जण, पण बोलणारा एकच. धावपट्टीची सगळी जबाबदारी असलेला, उन्हाने रापलेला माणूस. त्याला सगळे मास्तर म्हणत होते. मास्तर चहा प्यायले नाहीत, हार घेतला नाही, पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. समोर आमचा चाचणीचा रस्ता, दीड किलोमीटर, नाकासमोर सरळ, आणि रडार थेट त्याच्याकडे तोंड करून.

साहेबांना नाट्य आवडतं. म्हणाले, "दुसरी गाडी कशाला? मी स्वतः येतो समोरून." वायरलेस हातात घेऊन ते त्यांच्या गाडीत बसले आणि रस्त्याच्या पार टोकापलीकडे गेले, म्हणजे समोर यायचं ते भरधावच. पडद्यासमोर ऑपरेटर, मास्तर, बाई आणि मी.

"निघालो!" वायरलेसवर साहेब. "दिसतोय का मी?"

ऑपरेटर पडद्यात डोकं घालून बघायला लागला. पडद्यावर एक ठिपका तुरुतुरु चालला होता.

"साहेब, कुत्रा दिसतोय."

वायरलेस खरखरला. मग, "काय म्हणालात?"

"कुत्रा, साहेब. रस्त्याच्या कडेने चाललाय. आणि माळी दिसतोय, ढकलगाडी घेऊन. छान दिसतोय."

"आणि मी?"

"तुम्ही नाही, साहेब."

गाडी आली, आमच्या खिडकीसमोरून धुरळा उडवत गेली, साहेबांनी हातही केला. पडद्यावर माळी. दुसरी फेरी झाली. माळी थांबून बिडी ओढायला बसला तेव्हा तोही दिसेनासा झाला आणि पडद्यावर उरला कुत्रा. तिसऱ्या फेरीला साहेबांनी ड्रायव्हरला ओरडून सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं, "अरे जोरात घे!" आणि ड्रायव्हरचं उत्तरही, "साहेब, तुमच्या गाडीलाही गव्हर्नर आहे, चोपन्नच्या वर इंजिन रुसतं."

बाईंनी ऑपरेटरच्या हातातून वायरलेस घेतला. "ड्रायव्हरदादा, चाळीसवर या."

पडद्यावर मधोमध एक टपोरा ठिपका उगवला. मास्तर पुढे वाकले.

"आता परत चोपन्न."

ठिपका गेला. गाडी खिडकीतून डोळ्यांना दिसतेय, रंगासकट, आणि पडद्यावर काही नाही.

"चाळीस."

आला.

"चोपन्न."

गेला. असं सहा वेळा. लहान बाळाला पदराआडून 'भो' करतात तसं बाईंनी साहेबांना पडद्यावर आणलं नि घालवलं. सहाव्या वेळी साहेबांचाच आवाज आला, "पुरे, पुरे, मला मळमळतंय."

मास्तरांनी वळून विचारलं, "बाई, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सहा वर्षं."

"मग या कागदावर तुमची सही का नाही, ते कळलं." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ती झाली की मला बोलवा. नुसती यांची असेल तर नका बोलवू. आमच्या धावपट्टीवर झाडू मारायची गाडी फिरते, ती पन्नास-पंचावन्ननेच फिरते."

आता तुम्ही म्हणाल, झालं, बाई जिंकल्या. मलाही तसंच वाटलं. मी पेढे आणायच्या तयारीत होतो. पण समिती अजून शिल्लक होती.

बाईंनी पाच आकडे दिले. दोन ठोक्यांमधलं अंतर, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात: नऊशे त्रेपन्न, एक हजार एकवीस, नऊशे सत्त्याहत्तर, एक हजार सत्त्याऐंशी, एक हजार एकोणचाळीस. पाचही असे की कशानेच भाग जात नाही.

साहेब म्हणाले, "हे काय आहे? हे आकडे आहेत की कोणाचे टेलिफोन नंबर?" मग त्यांनी सवयीने ते जवळच्या शंभराला गोल केले. चार आकडे पुन्हा हजार झाले आणि एक अकराशे. हे बरं दिसेना. मग समितीतल्या तिघांनी लोकशाही मार्गाने ठरवलं: प्रत्येकाने एक आकडा द्यावा. एक म्हणाले आठशे. साहेब म्हणाले हजार, त्यांचा जीव होता त्यात. तिसरे झोपेतून उठून म्हणाले बाराशे. इतिवृत्तात लिहिलं, 'असमान अंतराची सूचना तत्त्वतः मान्य. अंतरं असमान असली तरी व्यवस्थित असावीत.'

आम्ही ते बसवलं. गाडी चोपन्नने सोडली. लख्ख दिसली! साठ, पन्नास, तीस, सगळी दिसली. टाळ्या वाजल्या. साहेबांनी तर कुत्र्यालाही बिस्किट दिलं. आणि मग बाईंकडे कागद आला, नवीन, साहेबांच्या सहीसकट.

बाईंनी पेन उघडलं. आकडे वाचले. पेन बंद केलं.

"आता काय!" साहेबांचा आवाज चिरकला. "अहो बाई, दिसतेय ना गाडी?"

"गाडी दिसतेय. साहेब, आठशे, हजार, बाराशे. तिन्हीला दोनशेने भाग जातो."

"मग चांगलंच आहे की!"

"वाईट आहे. दोनशेत पूर्ण चक्र करणारी वस्तू तिन्ही वेळा उभीच दिसणार. आंधळा वेग गेला नाही, पुढे सरकलाय. चोपन्नच्या पाचपट. दोनशे सत्तर."

साहेब हसले. मग समितीचे दोघेही हसले. "बाई, दोनशे सत्तरने झाडूची गाडी जाते का?"

"झाडूची जात नाही," बाई म्हणाल्या. "मास्तरांना फोन लावा आणि विचारा, काय जातं."

फोन लावला. स्पीकर चालू केला, बटण मीच दाबलं. साहेबांनी हसत हसतच विचारलं, "मास्तर, तुमच्या धावपट्टीवर ताशी दोनशे सत्तरने काय येतं हो?"

"विमान," मास्तर म्हणाले. "उतरायला येतं ते बहुतेक त्याच वेगाने येतं. का?"

साहेबांनी फोन बंद केला. मग साहेब म्हणाले, "हे अजून थिअरी आहे. प्रत्यक्षात बघितल्याशिवाय मी मान्य करणार नाही."

"मीही तेच म्हणतेय," बाई म्हणाल्या. "प्रत्यक्षात बघू. उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी रडार ट्रकवर चढवून धावपट्टीच्या टोकाला नेलं, कुंपणाच्या आत, मास्तरांच्या परवानगीने. खुर्च्या, छत्री, पाण्याचा जार. ट्रकमागून साहेबांची गाडी, चोपन्नने.

पहिलं विमान आलं. डोळ्यांना दिसत होतं, दिवे लावून, नाक वर करून, सरळ आमच्याकडे. पडदा कोरा. साहेब विमानाकडे बघत, मग पडद्याकडे, मग विमानाकडे. चाकं टेकली, धूर निघाला, वेग कमी झाला आणि पडद्यावर धावपट्टीच्या मधोमध विमान अचानक उगवलं. कुत्र्याची छत्री पावसानंतर उगवते तसं. आकाशातून आलंच नव्हतं ते, जमिनीतून वर आलं.

दुसरं आलं. तसंच. तिसरं थोडं हळू होतं, ते अधूनमधून लुकलुकत आलं. चौथं पुन्हा जमिनीतून.

मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मी धुक्यात या पडद्याकडे बघून म्हणालो असतो, वर काही नाही, जा रे झाडून घे. आणि झाडूवाला गेला असता."

साहेब खुर्चीत बसले. पाय हलत नव्हता, त्यावरून मी ओळखलं की मामला गंभीर आहे. मग म्हणाले, "बाई, तुमचे ते आकडे काय होते?"

"नऊशे त्रेपन्न, एक हजार..."

"घाला. समितीचं मी बघतो. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. राग होता तो सहा वर्षांचा, पण त्या वाक्याला मी मनातल्या मनात थोडा कमी केला. थोडाच.

आकडे घातले. विमान दिसलं, लांबून, उतरेपर्यंत, थांबेपर्यंत, सलग. मास्तरांनी टाळी वाजवली. मी बाईंच्या हातात पेन दिलं.

"थांबा, मिस्त्री. शंभर विमानं बघू."

"शंभर!" साहेब म्हणाले, पण या वेळी त्यांना आकड्याबद्दल तक्रार करता येईना.

पहिल्या दिवशी अठ्ठावीस झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकावन्न. साहेब स्वतः कागद-पेन्सिल घेऊन रेघा मारत होते. डॉक्टर जेवणाचा डबा घेऊन आले आणि छत्रीखाली बसून म्हणाले, "आईने विचारलंय, अजून किती कॉल बाकी आहेत?" आणि बावन्नावं विमान पडद्यावरून पाव सेकंद गेलं.

पाव सेकंद. मी बघितलं नव्हतं. साहेबांनी बघितलं नव्हतं. ऑपरेटरने बघितलं आणि गप्प बसला. बाई म्हणाल्या, "गेलं होतं."

"अहो डोळा लवला असेल तुमचा," डॉक्टर म्हणाले.

"माझा लवला नाही. याचा लवला." त्यांनी आकडे तपासले. आकडे बरोबर. गणित तपासलं. बरोबर. तासभर त्या ट्रकमधे शोधत होत्या, मी टॉर्च धरून. मग माझ्या लक्षात आलं. ट्रक हलवताना एक केबल सैल झाली होती आणि तिला घाईत सोल्डरचा टाका मी घातला होता. त्याला बोटाने हलवलं. पडदा लवला.

खोटं बोलता आलं असतं. वारा होता, ऊन होतं, ट्रक जुना होता, आळ घ्यायला पुष्कळ जण होते.

"बाई, माझा टाका कच्चा आहे," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "पक्का करा. मग मोजू."

मी पक्का केला. खात्रीसाठी दोनदा केला. बाहेर आलो तर साहेब रेघांचा कागद हातात धरून उभे होते. एकावन्न रेघा, पाच-पाचच्या गठ्ठ्यात, वर एक, अगदी नीटस.

"बाई," साहेब म्हणाले, "एकावन्न तर नीट दिसली होती. तिथून पुढे मोजायचं ना?"

"ती कच्च्या टाक्यावर मोजली होती."

साहेबांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा आकाशाकडे. पलीकडे एक विमान वळण घेऊन सरळ होत होतं. त्यांनी कागद फाडला नाही, चुरगाळला नाही. पालथा केला आणि मांडीवर ठेवला.

"हं," म्हणाले. "येऊ दे. एक."

शंभरावं विमान पाचव्या दिवशी, साडेचारला उतरलं. बाईंनी ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, तारखेसकट. मग साहेबांनी त्यांच्याच हातातलं पेन मागून घेतलं. या वेळचा कागद त्यांनी आधी सही करून आणला नव्हता. सही करण्यापूर्वी त्यांनी पाचही आकडे मोठ्याने वाचले, बोट ठेवून, एकेक अंक. एक हजार सत्त्याऐंशीपाशी अडखळले. परत सुरुवातीपासून वाचले.